दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची विहीर : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्तीसंस्थांना ‘फिस्कल स्पॉन्सर’ कितपत उपयोगी?

डेट्रॉइट, बाल्टिमोर किंवा ऑकलंडच्या एखाद्या वस्तीत शेजारीपाजारी मिळून मुलांची शिकवणी चालवतात, रिकाम्या प्लॉटवर भाजीची बाग करतात, तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून देतात. पाच-सात वर्षं सगळं पदरमोड करून चाललेलं असतं. मग एखादं फाउंडेशन ५०,००० डॉलर द्यायला तयार होतं आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर गाडी अडते. संस्थेचा ईआयएन (आयकर खात्याने दिलेला ओळख क्रमांक) लिहा, ५०१(सी)(३) मान्यतेचं, म्हणजे धर्मादाय संस्थेला मिळणाऱ्या करसवलतीचं, पत्र जोडा. दोन्ही नसतं.

अशा वेळी कामाला येते ती फिस्कल स्पॉन्सरची सेवा. नोंदणी झालेली एक मोठी धर्मादाय संस्था तुमच्यासाठी आलेला पैसा स्वतःच्या नावावर घेते, हिशेब ठेवते, कर भरते, आपलं शुल्क कापते आणि उरलेला पैसा ठरलेल्या कामावर खर्च करू देते. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. बॉस्टनची टीएसएनई १९५९ पासूनची, सॅन फ्रान्सिस्कोची टाइड्स १९७६ पासूनची.

निर्णय आधीच सांगून टाकतो. सेवा घ्यावी, पण मुदत ठरवून आणि करार शब्दन् शब्द वाचून. दहा टक्के शुल्काची सगळीकडे चर्चा होते, पण खरी किंमत ती नाही. दुसऱ्याच्या शेतात विहीर खणली तर पाणी मिळतं, पीकही येतं, पण सातबाऱ्यावर नाव त्याचंच लागतं. इथेही तसंच होतं. ग्रँट तुमच्या कामाला मिळते, पण ती मिळवल्याची नोंद स्पॉन्सरच्या नावावर जमा होते. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांना ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त महागात पडते. ते का, हे पुढे सविस्तर येईल.

गरज का पडते

काम करायची परंपरा कमी म्हणून ही अडचण येते, असं मुळीच नाही. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फिलाडेल्फियात फ्री आफ्रिकन सोसायटी काढली ती १७८७ साली. आजारपण, वैधव्य, अंत्यविधी यांसाठी वर्गणी गोळा करून एकमेकांना सांभाळायचं, हा तिचा व्यवहार. १९६९ मध्ये ऑकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाने मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. त्याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. तेव्हा मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये.

कमी असते ती शिल्लक. नव्या सामाजिक संस्थांना निधी देणारी एकोइंग ग्रीन आणि सेवासंस्थांना सल्ला देणारी ब्रिजस्पॅन यांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकोइंग ग्रीनकडे आलेल्या सर्वांत पात्र अर्जदारांची त्यात तुलना होती. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी निघालं, आणि अटींविना वापरता येणारी निव्वळ मालमत्ता ७६ टक्के कमी. यातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. उत्पन्नातला फरक एखाद्या चांगल्या वर्षात भरून निघतो. बिनअटीची शिल्लक नसेल तर मात्र वकील, हिशेबनीस, ऑडिट आणि विमा यांचा खर्च पहिली ग्रँट येण्याआधी करताच येत नाही. फिस्कल स्पॉन्सर नेमका हाच खर्च स्वतःच्या अंगावर घेतो.

दानाच्या जगातले मोठे दरवाजेसुद्धा ठरावीक उंचीच्या माणसालाच आत घेतात. अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांच्या यील्ड गिव्हिंग या उपक्रमाने २०२३ मध्ये खुले अर्ज मागवले ते खास समाजातून उभ्या राहिलेल्या संस्थांसाठी. ६,३५३ अर्ज आले. मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले, तेही कुठल्या कामावर खर्च करायचे याची अट न घालता. उपक्रम उत्तमच होता. पण अर्ज करायला वार्षिक खर्च किमान १० लाख डॉलर हवा होता. ज्या वस्तीसंस्थेचं वर्ष ६०,००० डॉलरवर निघतं, तिला तिथे पोहोचायला आधी दुसरी शिडी लागते.

प्रकार दोन, आणि त्यांत खूप अंतर

वकील ग्रेगरी कोल्विन यांनी १९९३ मध्ये स्पॉन्सरशिपचे सहा प्रकार मांडून त्यांना ए ते एफ अशी अक्षरं दिली. व्यवहारात दोनच भेटतात, ए आणि सी. स्पॉन्सरशी पहिल्यांदा बोलताना ‘तुमचं मॉडेल कोणतं?’ हाच पहिला प्रश्न हवा, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर ठरतात.

मॉडेल ए मध्ये तुम्ही कायद्याच्या नजरेत स्पॉन्सरचा एक विभाग असता. ईआयएन त्यांचा, बँक खातं त्यांचं, कर्मचारी त्यांच्या पगारपटावर, आरोग्य विमाही त्यांचाच. तुमची सल्लागार समिती असते, पण अंतिम जबाबदारी त्यांच्या बोर्डाची. ग्रँटच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप, व्हॅन, कधी कधी उपक्रमाचं नाव आणि देणगीदारांची यादीसुद्धा त्यांच्या मालकीची ठरते.

मॉडेल सी मध्ये तुमची स्वतंत्र संस्था असते. राज्यात नोंदलेली असेल, करसवलत अजून मिळालेली नसेल. स्पॉन्सर फाउंडेशनकडून पैसा घेतो आणि तुम्हाला पुढे ग्रँट म्हणून देतो. खातं तुमचं, हिशेब तुमचा, पगारपट तुमचा, करविवरणपत्रही तुमचं. शुल्क सहसा कमी, आणि मदतही तेवढीच कमी.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या १९६८ च्या निर्णयानुसार स्पॉन्सरने पैशावर स्वतःचं नियंत्रण आणि निर्णयाचा अधिकार ठेवला पाहिजे, आणि तो कामावरच खर्च झाल्याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. पैसा नुसता खात्यातून पुढे ढकलणं चालत नाही. त्यामुळे स्पॉन्सर पावत्यांसाठी मागे लागला, एखादा खर्च नाकारला, तर तो त्रास द्यायला नव्हे, स्वतःची मान्यता वाचवायला. उलट जो म्हणतो ‘आम्ही काही विचारत नाही, चेक लगेच देतो’, त्याच्यापासून दूर राहा. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलच्या निधीत या भूमिकेला ‘फिस्कल कंड्युट’, म्हणजे पैसा पुढे नेणारी नळी, म्हणतात. नाव तसं असलं तरी कागदपत्रांची शिस्त तीच लागते.

निवड कशी करावी? पगारी माणूस ठेवायचा असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत काम असेल, तर मॉडेल ए घ्या. कारण विमा. शाळा किंवा पार्कची जागा वापरायची तर एका घटनेला १० लाख डॉलरचं दायित्व विमा प्रमाणपत्र मागतात, आणि त्यात जागेच्या मालकाचं नाव जोडून हवं असतं. मुलांच्या उपक्रमांना लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांविरुद्ध वेगळं संरक्षण लागतं. छोट्या संस्थेला ते स्वतःहून घेणं महाग जातं आणि कित्येक विमा कंपन्या तिला दारातही उभं करत नाहीत. मुलांचं काम नसेल, पगार नसतील आणि दोन वर्षांत स्वतःची संस्था उभी करायची असेल, तर मॉडेल सी बरं.

शुल्क : कागदावरचं आणि हातात येणारं

बहुतेक स्पॉन्सर ५ ते १० टक्के घेतात, सरकारी पैशावर १५ पर्यंत जातात. ५०,००० डॉलरच्या ग्रँटवर १० टक्के धरले तर ४५,००० उरतात. त्यात ३४,००० पगाराची एक समन्वयक ठेवली, तर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्य विमा) यांच्या करातला मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे २,६०१ डॉलर. हातात ८,३९९ राहिले. त्यातून कामगार विमा, बेरोजगारी विमा, खाऊ, वह्या, बसभाडं. पहिल्या वर्षीची अंदाजपत्रकं इथेच कोसळतात. अर्ज लिहिणाऱ्याने ५०,००० चे ५०,००० कार्यक्रमावर मांडलेले असतात, आणि शुल्क व मालकाचा कर यांना ओळच नसते. अंदाजपत्रकात दोन्हींची वेगळी ओळ हवी. फाउंडेशन प्रशासकीय खर्चावर मर्यादा घालत असेल तर ती स्पॉन्सरच्या शुल्काला लागते का, हे अर्जाआधी ईमेलवर विचारून घ्या, म्हणजे पुरावा राहतो.

करारात आणखी चार ठिकाणी पैसा झिरपतो. शुल्क पैसा आल्यावर कापतात की खर्च झाल्यावर? ग्रँट परत करावी लागली तर कापलेलं शुल्क परत मिळतं का? शिल्लक रकमेवरचं व्याज कोणाचं? कार्डवरून आलेल्या देणग्यांवरचे दोन-तीन टक्के शुल्कात धरलेत की वेगळे? कमी उलाढालीच्या गटांसाठी किमान वार्षिक शुल्क असेल तर तेही पाहा. वर्षाला १०,००० डॉलर जमवणाऱ्या गटाकडून किमान २,००० घेतले तर दर २० टक्क्यांवर गेला.

तरीही ५०,००० च्या पातळीवर १० टक्के महाग नाहीत. त्या ५,००० डॉलरमध्ये हिशेबनीस, पगारपट, विमा आणि ऑडिट बाजारातून कोणी आणून देणार नाही. ५ लाखांच्या पातळीवर मात्र शुल्क ५०,००० होतं, म्हणजे एका माणसाचा पगार. आमच्या मते वर्षाची उलाढाल अडीच-तीन लाखांवर गेली की स्वतःच्या संस्थेचं गणित मांडायला बसावं.

सरकारी पैसा हे वेगळंच प्रकरण. बहुतेक करार खर्च आधी, परतफेड नंतर, असे असतात. मग मधल्या तीन-चार महिन्यांचा पैसा कोण घालणार? स्पॉन्सर घालत नसेल तर तो करार तुमच्यासाठी नाही. संघराज्याच्या ग्रँटमध्ये ज्यांचा ठरलेला दर नाही त्यांना अप्रत्यक्ष खर्च (भाडं, हिशेब, कार्यालय) १० टक्के घेता यायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो १५ टक्के झाला. हा वाढीव पैसा सगळा स्पॉन्सरकडे जाणार की काही तुमच्या भाड्याला मिळणार, हे आजच विचारा. स्पॉन्सर सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

अर्जाच्या वेळी काय अडतं

स्पॉन्सरकडे आधी स्वतःचा अर्ज करावा लागतो. उद्दिष्ट, वर्षाचं अंदाजपत्रक, समितीची नावं, पैसा कुठून येईल त्याचा पुरावा. दोन-तीन महिने धरून चाला. ग्रँटची मुदत तीन आठवड्यांवर आल्यावर स्पॉन्सर शोधायला निघणं, ही सर्वांत नेहमीची चूक.

करार झाल्यावर फाउंडेशनच्या अर्जात ‘कायदेशीर नाव’ या रकान्यात स्पॉन्सरचं नाव येतं आणि उपक्रमाचं नाव त्याखाली. जोडायचं ते असं: स्पॉन्सरचं मान्यतापत्र, बोर्डाची यादी, शेवटचं ऑडिट, फॉर्म ९९० (आयकर खात्याकडे संस्थेने दर वर्षी भरायचं विवरणपत्र) आणि तुमच्याशी झालेल्या कराराचं पत्र. सही स्पॉन्सरच्या अधिकृत माणसाची. त्यांना किमान दहा कामाचे दिवस द्या, कारण त्यांच्याकडे असे शंभर उपक्रम असू शकतात. त्याच फाउंडेशनकडे त्यांचा दुसरा उपक्रमही अर्ज करत असेल आणि फाउंडेशन एका ईआयएनवरून एकच अर्ज घेत असेल, तर तुमच्यापैकी एकाला थांबावं लागतं. कोणाला, हे स्पॉन्सर ठरवतो. म्हणून त्यांच्याकडचं वर्षभराचं अर्जांचं वेळापत्रक आधीच मागून घ्या.

‘वार्षिक अंदाजपत्रक ५ लाखांखाली असलेल्या संस्थांसाठी’ अशी अट दिसली की थांबा. फाउंडेशन तुमचं अंदाजपत्रक पाहतं की स्पॉन्सरचं दोन कोटींचं? बहुतेकांना उपक्रमाचंच अपेक्षित असतं, पण ऑनलाइन फॉर्म ईआयएनवरून आकडा आपोआप भरतो आणि अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. माणसाशी बोलून, मग फॉर्म भरा. काही फाउंडेशनं स्पॉन्सरखालचे उपक्रम घेतच नाहीत, तेही याच फोनवर कळतं.

कोणती फाउंडेशनं अनोळखी अर्ज घेतात हे फुकट शोधता येतं. खाजगी फाउंडेशनचं विवरणपत्र म्हणजे फॉर्म ९९०-पीएफ. ते प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर उघडा. ‘फक्त आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो’ या चौकटीत खूण असेल तर वेळ घालवू नका. खूण नसेल तर दिलेल्या ग्रँटची यादी वाचा. कोणाला, किती, कशासाठी, सगळं त्यात असतं. तुमच्या शहरातल्या छोट्या संस्थांना १०–२५ हजार देणारं फाउंडेशन सापडलं, तर मोठ्या नावांमागे धावण्यापेक्षा तिथे पत्र टाकलेलं बरं.

नावाचा प्रश्न

आता सातबाऱ्याकडे येतो. अमेरिकेत संस्थांची माहिती शोधणारा बहुतेक प्रत्येकजण कँडिड या माहितीसंस्थेच्या नोंदी पाहतो. गाइडस्टार आणि फाउंडेशन सेंटर २०१९ मध्ये एकत्र येऊन कँडिड झालं. तिथली नोंद ईआयएनवर चालते. संस्थेचं नेतृत्व, बोर्ड आणि कर्मचारी कोणत्या वंशाचे ही माहितीही संस्था तिथे स्वतःहून भरते. तुम्ही मॉडेल ए मध्ये असाल तर तिथे दिसतं ते स्पॉन्सरचं नेतृत्व. वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी उभा केलेला उपक्रम आकडेवारीत एखाद्या गोऱ्या कार्यकारी संचालकाच्या मोठ्या संस्थेच्या पोटात दिसेनासा होतो. फाउंडेशनच्या ९९०-पीएफमध्येही ग्रँट स्पॉन्सरच्या नावावर लागते. तीन वर्षांनी स्वतःची संस्था काढली की अर्जात ‘मागील अनुदानं’ हा रकाना कागदोपत्री कोरा. ज्यांच्या हातात पत सिद्ध करायला आधीच कमी कागद आहेत, त्यांचेच कागद दुसऱ्याच्या कपाटात जातात. या सेवेतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि फार थोडे स्पॉन्सर तो आपण होऊन दूर करतात.

उपाय आहेत, पण ते पहिल्या दिवसापासून करावे लागतात. प्रत्येक मंजुरीपत्रात उपक्रमाचं नाव यावं असा आग्रह धरा. फाउंडेशनला एका ओळीत सांगा की ९९०-पीएफमधल्या ‘उद्देश’ रकान्यात उपक्रमाचं नाव लिहावं. स्पॉन्सरकडून दर वर्षी उपक्रमापुरतं जमाखर्चाचं आणि शिल्लकीचं सही केलेलं पत्रक घ्या, आणि हे कलम करारातच टाका. स्वतःची एक अनुदान-वही ठेवा: तारीख, देणारा, रक्कम, अट, अहवालाची प्रत, संपर्कातला कार्यक्रम अधिकारी. अशी तीन वर्षांची पत्रकं असली की नव्या संस्थेचा इतिहास म्हणून दाखवायला तुमच्या हातात काहीतरी भक्कम असतं.

अमेरिकेत कित्येक मराठी हिशेबनीस स्थानिक संस्थांच्या बोर्डांवर स्वयंसेवक म्हणून बसतात. त्यांच्याकडून सर्वांत मोलाची मदत इथे होऊ शकते. अर्ज लिहायला माणसं मिळतात. दर महिन्याला स्पॉन्सरचं पत्रक आणि उपक्रमाच्या पावत्या समोरासमोर ठेवून जुळवणारा माणूस मिळत नाही. भारतातल्या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. तिकडे एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे देताच येत नाही, त्यामुळे परदेशी पैशाच्या बाबतीत या सेवेला तिथे जागाच उरलेली नाही.

कायद्याचं बदललेलं वारं

अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय महिलांच्या छोट्या व्यवसायांना २०,००० डॉलरची ग्रँट स्पर्धेतून द्यायचा. त्याच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये दावा झाला. आधार होता १८६६ चा नागरी हक्क कायदा, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला कायदा. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किटच्या (जॉर्जियासह तीन राज्यांच्या) संघराज्य अपील न्यायालयाने स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. प्रकरण व्यवसायांचं होतं, तरी त्याचे पडसाद सेवासंस्थांच्या ग्रँटपर्यंत पोहोचले. फाउंडेशनांच्या वकिलांनी ‘कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांसाठी’ हे शब्द काढून ‘समाजाशी जवळचं नातं असलेलं नेतृत्व’ अशी भाषा घातली.

अर्जदारासाठी याचा अर्थ असा की शोधताना फक्त जुने शब्द टाकून चालणार नाही. जिल्हा, पिनकोड, रेडलायनिंगचा (कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज नाकारण्याच्या पद्धतीचा) इतिहास, मातामृत्यू, तुरुंगातून परतणारे, अशा शब्दांनी शोधा. आणि अर्जात वस्तीचं वर्णन इतकं नेमकं करा की नेतृत्व कोणाचं आहे हे वेगळं सांगावं लागू नये. कोणत्या गल्ल्या, कोणती शाळा, समितीतले किती जण त्याच गल्ल्यांत राहतात, किती वर्षं. हे खरंही असतं आणि दमदारही.

संघराज्याच्या पैशाला दुसरी अडचण आहे. जानेवारी २०२५ च्या १४१७३ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने ग्रँट घेणाऱ्याकडून विविधता-समतेच्या कार्यक्रमांबद्दल लेखी हमी मागितली, आणि ती खोटी ठरली तर फॉल्स क्लेम्स ॲक्टचा, म्हणजे सरकारकडे खोटा दावा करणाऱ्याला दंड करणाऱ्या कायद्याचा, धाक घातला. ही हमी स्पॉन्सर पूर्ण संस्थेच्या वतीने देतो. त्यामुळे शेजारच्या कुठल्यातरी उपक्रमाला मिळालेल्या सरकारी ग्रँटपायी तुमच्या संकेतस्थळावरचे शब्द बदलायची मागणी येऊ शकते. स्पॉन्सर सरकारी पैसा घेतो का, आणि तुमच्या मजकुरावर त्याचा शब्द किती चालतो, हे करारापूर्वी स्पष्ट करून घ्या.

स्पॉन्सर तपासायचा कसा

ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण बंद होत असल्याचं जाहीर केलं. सहाशेहून जास्त गट त्याच्या छत्राखाली होते, कित्येक शेजारधर्माने मदत करणारे छोटे गट. सगळ्यांना काही महिन्यांत दुसरं छत शोधावं लागलं. तेव्हा सोय पाहताना आधी ताकद पाहा.

स्पॉन्सरचा शेवटचा फॉर्म ९९० उघडा आणि भाग १० मधला ताळेबंद काढा. ओळ २८ म्हणजे देणगीदारांच्या अटींसह असलेली मालमत्ता. उपक्रमांचा पैसा सहसा इथे दिसतो. ओळ १, २ आणि ११ म्हणजे रोकड, बचत आणि बाजारातली गुंतवणूक. समजा ओळ २८ वर ८० लाख आहेत आणि या तिन्ही मिळून ५० लाखच. उरलेले ३० लाख येणं असलेल्या ग्रँटमध्ये असतील तर ठीक, ते ओळ ३ वर दिसेल. तिथेही नसतील तर उपक्रमांच्या पैशावर स्पॉन्सरचं स्वतःचं भाडं आणि पगार चाललेत असा अर्थ निघतो. हे एकच गणित दहा गोड माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगतं.

मग इतर उपक्रमांना विचारा: चेक किती दिवसांत निघतो? दर आठवड्याला देयकं काढणारा आणि महिन्यातून एकदा काढणारा, यांत वस्तीसंस्थेसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारच्या आजीने शनिवारी चाळीस मुलांचं जेवण केलं आणि तिचे पैसे सहा आठवड्यांनी आले, तर पुढच्या शनिवारी तिच्याकडे किराण्याला पैसे नसतात. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डब्ल्यू-९ फॉर्म (पैसे घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि करक्रमांक) न भरणं. मदतनिसाला पहिल्यांदा पैसे द्यायच्या आधीच तो भरून घ्या. वर्षाला ६०० डॉलरच्या वर गेल्यास १०९९ फॉर्म (दिलेल्या पैशांची आयकर खात्याला कळवायची नोंद) द्यावा लागायचा, २०२६ पासूनच्या देयकांना ही मर्यादा २,००० झाली आहे.

स्थानिक स्पॉन्सर मिळत असेल तर तो घ्या. फिलाडेल्फियाची अर्बन अफेअर्स कोअलिशन १९६९ पासून शहरातल्या उपक्रमांना घर देते आहे. डेट्रॉइटमध्ये अलाइड मीडिया प्रोजेक्ट्स आहे. शहराची कार्यालयं आणि शाळांची विमापत्रकं स्थानिकांच्या अंगवळणी पडलेली असतात.

वस्तीतल्या चर्चलाच स्पॉन्सर करण्याची पद्धतही जुनी. भावना समजते, आणि कित्येक चांगली कामं चर्चच्या तळघरातच सुरू झाली. पण चर्चला फॉर्म ९९० भरावा लागत नाही, त्यामुळे फाउंडेशनला पाहायला हिशेबच नसतो. धार्मिक संस्थांना पैसा न देणारी फाउंडेशनंही बरीच आहेत. जागा चर्चची घ्या, खातं वेगळं ठेवा.

बाहेर पडताना

आत जाण्यापेक्षा बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. वर्षभर आधी सुरुवात करा. स्वतःच्या करसवलतीसाठी फॉर्म १०२३ लागतो, शुल्क ६०० डॉलर. छोट्यांसाठी १०२३-ईझेड आहे, शुल्क २७५, आणि निकालही लवकर येतो. पण त्याला अट आहे: मागच्या तीन आणि पुढच्या तीन वर्षांत कोणत्याही वर्षी जमा ५०,००० डॉलरच्या वर नसावी. स्पॉन्सरखालची ८०,००० ची ग्रँट नव्या संस्थेकडे वळवायची असेल तर ईझेड भरता येत नाही. तरीही लोक घाईत भरतात आणि मान्यतेचा पायाच कच्चा राहतो. नोंदणी झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज गेला तर सवलत नोंदणीच्या तारखेपासून धरतात. नंतर गेला तर सहसा अर्जाच्या तारखेपासून.

आणखी एक खड्डा. काही गट स्वतःची संस्था नोंदवतात, मान्यता घेतात, पण पैसा स्पॉन्सरकडेच राहतो म्हणून संस्था नुसती कपाटात पडून असते. जमा शून्य असली तरी दर वर्षी ९९०-एन ही ई-पोस्टकार्ड नोंद करावीच लागते. पाच मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं राहिलं तर मान्यता आपोआप रद्द होते, आणि हे कळतं ते फाउंडेशनने चेक द्यायच्या आधी नाव तपासल्यावर.

हस्तांतराच्या करारात उरलेला पैसा, सामान, उपक्रमाचं नाव, संकेतस्थळाचा पत्ता, देणगीदारांची यादी आणि छायाचित्रं, या सगळ्यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. ज्या ग्रँट अजून चालू आहेत त्यांच्या देणाऱ्यांची लेखी संमती घ्या. मॉडेल ए मधले कर्मचारी एका दिवशी स्पॉन्सरच्या पगारपटावरून उतरून दुसऱ्या दिवशी तुमच्या पगारपटावर चढले पाहिजेत. नाहीतर मधल्या काळात त्यांचा आरोग्य विमा तुटतो, म्हणून तारीख महिन्याच्या शेवटी धरा. शेवटचं शिल्लकपत्रक ३० दिवसांत देण्याचं कलम पहिल्याच करारात घालून ठेवा. बाहेर पडायची वेळ आल्यावर ते मागायला गेलात तर उशीर झालेला असतो.